पाण्याची बाटली लगेच उचलली जाते, मग वेफर्सचं पाकीट तिथंच का पडून राहतं?

एखाद्या एसटी स्टँडवर अर्धा तास उभं राहून बघा. रिकामी पाण्याची बाटली फार वेळ जमिनीवर टिकत नाही, कुणीतरी उचलून पोत्यात टाकतंच. तिच्या शेजारचं वेफर्सचं पाकीट मात्र संध्याकाळपर्यंत तिथंच असतं. बऱ्याचदा पावसाळ्यात गटार तुंबेपर्यंत.

दोन्ही प्लॅस्टिकच. मग असा भेदभाव का?

कारण बाटलीला गिऱ्हाईक आहे, पाकिटाला नाही. आपल्याकडचा रिसायकलिंगचा धंदा चालतो तो भंगाराच्या भावावर. पर्यावरणाचा फायदा होतो, पण तो बोनस समजा.

पाण्याची बाटली 'पेट' नावाच्या एकाच प्लॅस्टिकची असते. तिचे तुकडे करून पाण्यात टाकले की ते बुडतात आणि झाकणाचे तुकडे तरंगतात, म्हणजे वेगळं करायचं निम्मं काम पाणीच करतं. हे तुकडे वितळवून त्यातून पॉलिएस्टरचा धागा निघतो. आपल्याकडे बाटलीची पुन्हा बाटली होण्यापेक्षा टी-शर्ट किंवा उशीतलं फायबर होण्याचं प्रमाण मोठं राहिलंय. यात एक गोची आहे. पीव्हीसीचे तुकडेही पेटसारखेच बुडतात आणि वितळवताना आम्ल सोडून अख्खा माल पिवळा पाडतात. म्हणून हाताने निवडणाऱ्याची नजर लागतेच.

वेफर्सच्या पाकिटात वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, वर अॅल्युमिनियमचा मुलामा. वेफर्स कुरकुरीत राहतात ते यामुळेच. पण हे थर पुन्हा सुटे करणं परवडत नाही. शिवाय वजन काहीच नाही. किलोभर माल व्हायला शेकडो पाकिटं वेचायची आणि ती घ्यायला कुणीच नाही, तर वाकायचं कशाला?

आता ही बाटली किंवा तुमची तुटकी बादली पुढं कुठं जाते ते बघू. कचरावेचक ती छोट्या भंगारवाल्याला विकतो. तो मोठ्या व्यापाऱ्याला. मुंबईतला बराच माल तिथून धारावीच्या १३ कंपाउंडमध्ये पोहोचतो. इथं आधी निवडणी होते, रंगाप्रमाणे आणि जातीप्रमाणे. प्लॅस्टिकची जात ओळखायला मशीन नाही. वाकवून बघायचं, आपटून आवाज ऐकायचा, आणि शंका आली तर कोपरा जाळून धुराचा वास घ्यायचा. (हो, तोच धूर फुप्फुसात जातो. या धंद्याच्या कौतुकाच्या रील्समध्ये हे सहसा नसतं.) मग माल दळला जातो, धुतला जातो, पत्र्यांवर वाळवला जातो. शेवटी वितळवून शेवयांसारख्या तारा काढतात आणि त्या कापून तयार होतो 'दाणा'. याच दाण्यापासून बादल्या, हँगर, पाइप बनतात.

आता खरी मेख. या दाण्याची स्पर्धा असते नव्या प्लॅस्टिकशी, आणि नवं प्लॅस्टिक बनतं कच्च्या तेलापासून आणि गॅसपासून. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तेल कोसळलं. नवं प्लॅस्टिक स्वस्त झालं, तर जुन्याचा दाणा कोण घेणार? कारखानदार व्यापाऱ्याचा भाव पाडतो, व्यापारी भंगारवाल्याचा, भंगारवाला कचरावेचकाचा. कचरावेचक कुणाचा भाव पाडणार? तेलाच्या जागतिक बाजारातली जोखीम अशी साखळीतल्या सगळ्यात गरीब माणसाच्या पोत्यात येऊन पडते.

मग सरकार काय करतंय?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये देशात ४१ लाख टनांहून जास्त प्लॅस्टिक कचरा झाला. २०१६ च्या नियमांत रिसायकल न होणारी बहुथरी पाकिटं दोन वर्षांत बंद करायची, असं लिहिलं होतं. दोन वर्षं भरत आली आणि २०१८ मध्ये शब्दरचना बदलली. ज्या पाकिटातून ऊर्जाही मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही वापर होत नाही, अशीच पाकिटं बंद करायची. सिमेंटच्या भट्टीत जाळलं की ऊर्जा मिळतेच, त्यामुळे पाकीट वाचलं.

२०२२ मध्ये कंपन्यांवर जबाबदारी टाकणारी नवी चौकट आली. जितकं प्लॅस्टिक बाजारात आणाल, त्या हिशोबात गोळा करून प्रक्रिया करून घ्या, नाहीतर नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घ्या. कल्पना चांगली आहे, कारण यातून पहिल्यांदाच भंगाराच्या भावापलीकडचा पैसा या धंद्यात येऊ शकतो. पण प्रमाणपत्र हा कागद आहे, आणि कागद माल न हलवताही तयार होतो. २०२३ मध्ये सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं उघडकीस आली.

याहून मोठी अडचण म्हणजे प्रमाणपत्र विकायला पोर्टलवर नोंदणी हवी, जीएसटी हवा, प्रदूषण मंडळाची परवानगी हवी. गल्लीतल्या माळ्यावर दोन मशीन टाकून बसलेल्याकडे हे सगळं कुठून येणार? कचरावेचकाचं तर त्या पोर्टलवर खातंच नसतं.

पुण्यात थोडं वेगळं घडलं. १९९३ मध्ये इथं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था आली आणि महापालिकेशी करार झाला. सभासद घरोघरी जाऊन कचरा घेतात, त्याचं शुल्क घरांकडून मिळतं आणि विकाऊ भंगारही त्यांचंच. भाव पडला तरी महिन्याला काहीतरी हातात येतं. हा करार दरवेळी नूतनीकरणाला आला की ठेकेदार नेमायची चर्चा होते, ती गोष्ट वेगळी.

धारावीत आता पुनर्विकास सुरू होतोय. रहिवाशांना घरं कुठं मिळणार यावर रोज बातम्या येतात. पण १३ कंपाउंडमधली ती दळणारी, धुणारी, दाणा काढणारी मशीनं कुठं जाणार, आणि ती लांब गेली तर टेम्पोचं भाडं वजा करून बाटलीला किती भाव उरणार, हे एसटी स्टँडवर पोतं घेऊन फिरणाऱ्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.