डॉर्सेट परगण्याची वाङ्मयीन परंपरा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यावर वसलेल्या डॉर्सेट या परगण्याशी निगडित साहित्याची व साहित्यिकांची परंपरा. खडूच्या खडकांच्या टेकड्या, दुधदुभत्यासाठी प्रसिद्ध असलेले ब्लॅकमोरचे खोरे, झुडपी माळराने आणि जीवाश्मयुक्त समुद्रकडे अशी या प्रदेशाची नैसर्गिक विविधता आहे. डॉर्चेस्टर हे त्याचे प्रमुख नगर. एकोणिसाव्या शतकात येथील ग्रामीण समाज आणि त्याची बोली यांचा ऱ्हास होत असताना याच मातीतल्या दोन लेखकांनी त्यांना वाङ्मयरूप दिले. या परंपरेचे खरे महत्त्व त्यात आहे.

त्यापूर्वीचे साहित्यिक संबंध बहुतांशी बाहेरून आलेल्या लेखकांचे आहेत. विल्यम वर्ड्‌स्वर्थ हा आपली बहीण डॉरथी हिच्यासह १७९५ ते १७९७ या काळात रेसडाउन येथे राहिला. १७९७ मध्ये कोलरिज त्याला येथेच भेटावयास आला. जेन ऑस्टेनने १८०३ व १८०४ मध्ये लाइम रीजिस या बंदराला भेट दिली. तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पर्स्वेजन या कादंबरीतील एक निर्णायक अपघात तेथील ‘कॉब’ नावाच्या दगडी धक्क्यावर घडतो. या लेखकांना डॉर्सेटने निवारा किंवा पार्श्वभूमी दिली. तथापि येथील कष्टकऱ्यांची भाषा त्यांच्या लेखनात आली नाही.

ती प्रथम समर्थपणे आली विल्यम बार्न्झ (१८०१–८६) याच्या कवितेत. स्टर्मिन्स्टर न्यूटनजवळच्या एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलेला बार्न्झ पुढे शिक्षक, भाषाशास्त्रज्ञ व धर्मोपदेशक झाला. पोएम्स ऑफ रूरल लाइफ इन द डॉर्सेट डायलेक्ट हा त्याचा बोलीभाषेतील पहिला संग्रह १८४४ मध्ये निघाला. डॉर्सेटची बोली म्हणजे प्रमाण इंग्रजीचा अपभ्रंश नव्हे, तर प्राचीन सॅक्सन भाषेचा थेट व अधिक नियमबद्ध वारसा होय, असे त्याचे प्रतिपादन होते. उदाहरणार्थ, झाडासारख्या निश्चित आकाराच्या वस्तूसाठी एक व पाण्यासारख्या आकारहीन द्रव्यासाठी दुसरे, अशी दर्शक सर्वनामांची दोन रूपे या बोलीत असल्याचे त्याने दाखवून दिले. प्रमाण भाषेत हा भेद नाही. साठांहून अधिक भाषांच्या तौलनिक अभ्यासावर आधारलेले व्याकरणही त्याने लिहिले (१८५४). त्याची कविता बव्हंशी घरगुती सुखदुःखांची असली, तरी काही संवादकाव्यांत गावाच्या सामाईक कुरणांना कुंपण पडल्यामुळे गरिबांची गाय व सरपण कसे हिरावले गेले, याची वेदना आहे. १८३४ मध्ये टॉलपडल येथील सहा शेतमजुरांना संघटना स्थापताना गुप्त शपथ घेतल्याबद्दल डॉर्चेस्टरच्या न्यायालयाने सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. या काव्यांची पार्श्वभूमी हाच काळ होय. मात्र बोलीमुळे बार्न्झचा वाचकवर्ग मर्यादित राहिला. १८६८ मध्ये त्याने प्रमाण इंग्रजीतही एक संग्रह प्रसिद्ध केला.

टॉमस हार्डी (१८४०–१९२८) याने वेगळा मार्ग स्वीकारला. डॉर्चेस्टरजवळील हायर बॉकहॅम्प्टन येथे एका गवंड्याच्या घरी त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो ज्या वास्तुशिल्पज्ञाकडे उमेदवारी करीत होता, त्याच्या कचेरीशेजारीच बार्न्झची शाळा होती. व्याकरणाचा वाद निघाला, की हार्डी त्याच्याकडे धाव घेई. कादंबरीकार म्हणून त्याला लंडनच्या नियतकालिकांचा वाचक गाठावयाचा होता. म्हणून निवेदन प्रमाण भाषेत ठेवून त्याने बोलीचा उपयोग प्रामुख्याने ग्रामीण पात्रांच्या संवादांत, तोही सौम्य करून केला. फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड (१८७४) या कादंबरीत त्याने ‘वेसेक्स’ हे जुन्या सॅक्सन राज्याचे नाव आपल्या कथाप्रदेशाला प्रथम दिले. पुढे डॉर्चेस्टरचे कॅस्टरब्रिज, वेमथचे बडमथ, शॅफ्ट्‌सबरीचे शॅस्टन अशी नामांतरे रूढ झाली आणि १८९५-९६ च्या समग्र आवृत्तीत या प्रदेशाचा नकाशाही छापण्यात आला.

हार्डीची नावे काल्पनिक असली, तरी त्यामागील समाजदर्शन वास्तव आहे. ‘द डॉर्सेटशर लेबरर’ (१८८३) या निबंधात त्याने शेतमजुरांच्या दरवर्षीच्या स्थलांतराचे विश्लेषण केले. गावातील कारागिरांची घरे पुष्कळदा ठराविक व्यक्तींच्या हयातीपुरत्या पट्ट्याने धारण केलेली असत. शेवटची व्यक्ती मरण पावली, की घर जमीनदाराकडे जाई व कुटुंब रस्त्यावर येई. अशी कुटुंबे उठल्यामुळे गावाची स्मृती, गाणी आणि दंतकथा यांची साखळीच तुटते, असे हार्डीचे मत होते. टेस ऑफ द डर्बरव्हिल्स (१८९१) मधील नायिकेच्या कुटुंबाची परवड नेमकी याच कारणाने होते. शाळेत शिकलेली टेस घरी बोली व बाहेर प्रमाण इंग्रजी बोलते. आई आणि मुलगी यांच्यामधील हे अंतर म्हणजे एका पिढीत घडलेल्या सांस्कृतिक स्थित्यंतराचे द्योतक होय. बार्न्झच्या निवडक कवितांची आवृत्ती हार्डीनेच कठीण शब्दांच्या अर्थांसह १९०८ मध्ये संपादित केली. बोलीचे जाणकार उरले नसल्यामुळे अशा अर्थांची गरज भासत होती.

विसाव्या शतकात ही परंपरा अनेक अंगांनी विस्तारली. टी. एफ्‌. पॉइस याने ईस्ट चॅल्डन या खेड्यात राहून मिस्टर वेस्टन्स गुड वाइन (१९२७) ही रूपकात्मक कादंबरी लिहिली. त्याच गावी १९३० मध्ये सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर स्थायिक झाली. पॉइसचा वडीलबंधू जॉन कूपर पॉइस याच्या वेमथ सँड्‌स (१९३४) या कादंबरीची ब्रिटिश आवृत्ती अब्रुनुकसानीच्या भीतीने स्थलनामे बदलून वेगळ्या शीर्षकाने काढावी लागली. हार्डीने कलेसाठी केलेले नामांतर येथे कायद्याच्या धाकाने करावे लागले. टी. ई. लॉरेन्स याचे क्लाउड्‌स हिल हे छोटे घर याच परगण्यात असून १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याचा अंत झाल्यावर त्याचे दफन मोर्टन येथे झाले. लाइम रीजिस येथे राहिलेल्या जॉन फाउल्झने द फ्रेंच लेफ्टनंट्‌स वूमन (१९६९) या कादंबरीत कॉबचा धक्का पुन्हा साहित्यात आणला.

प्रशासकीय सीमा व वाङ्मयीन सीमा नेहमी जुळतात असे नाही. बोर्नमथ शहर १९७४ मध्ये हँपशरमधून डॉर्सेटमध्ये आले आणि त्यामुळे मेरी शेलीची तेथील कबर व स्टीव्हन्सनचे तेथील वास्तव्य (१८८४–८७) यांचा समावेश या परगण्याच्या वारशात होऊ लागला. उलट, हार्डीचे वेसेक्स डॉर्सेटच्या सीमा ओलांडून शेजारच्या परगण्यांत पसरलेले आहे.

हार्डीचे जन्मघर व त्याने स्वतः आराखडा करून बांधलेले ‘मॅक्स गेट’ हे घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. त्याचे हृदय स्टिन्सफर्डच्या चर्चच्या आवारात पुरलेले असून रक्षा मात्र लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे. बार्न्झचा पुतळा डॉर्चेस्टरमध्ये १८८९ मध्ये उभारण्यात आला. प्रवासी हार्डीच्या नकाशानुसार गावे पाहत हिंडतात. बार्न्झच्या कवितेतील बोली मात्र त्या रूपात दैनंदिन व्यवहारात राहिलेली नाही. ती ऐकावयाची, तर त्याची कविता मोठ्याने वाचावी लागते.