धुरातलं विष मारणारा धातू

चारचाकीचा धूर रस्त्यावर येण्याआधी कुठे धुतला जातो?

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत मोटारी तयार होतात. अशा पेट्रोल मोटारीत इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये एक पोलादी डबा बसवतात. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत बारीक आरपार भोकांची चिनीमातीची वीट. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे डोळ्यांना न दिसणारे कण.

विषारी कार्बन मोनॉक्साइड या कणांवर क्षणभर टेकतो, तिथेच त्याला ऑक्सिजन भेटतो आणि कार्बन डायऑक्साइड बनून तो निघून जातो. धातू लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा. जोडी जमवून स्वतः मोकळा, पुढच्या जोडीला तयार! न जळलेल्या पेट्रोलचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं, नायट्रोजनची ऑक्साइडं फुटून निरुपद्रवी नायट्रोजन उरतो. मात्र डबा अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापल्याशिवाय काम नीट होत नाही. म्हणून थंड इंजिनाचा पहिला धूर सर्वांत घाणेरडा.

पेट्रोलमधलं शिसं या कणांवर थर धरून त्यांना निकामी करतं. मुंबईसह चार महानगरांत १९९५ मध्ये नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला, तेव्हा शिसंविरहित पेट्रोलही आणावं लागलं. २००० पासून ते देशभर मिळतं.