मेहरचे सोने: कपाटात की कागदावर?

लग्नसराई जवळ आली की जोगेश्वरीतल्या घराघरांत वाद रंगतो. आई म्हणते, बांगड्या घेऊ. मुलगा म्हणतो, अम्मी, सोने डिमॅटमध्ये ठेवू. बेहरामबागच्या एका खोलीत तीन तोळे लपवायचे कुठे, ही काळजीही खोटी नाही. मुलाचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. दागिन्यावर 3 टक्के जीएसटी लागतो, वर घडणावळ; आणि विकायला गेले की घडणावळ परत मिळत नाही.

पण 'कागदी सोने' ही एकच वस्तू नव्हे. सरकारी सुवर्ण रोख्यांचेच पाहा. नोव्हेंबर 2015 मधला पहिला रोखा ग्रॅममागे 2,684 रुपयांना होता. आठ वर्षांनी त्याचे 6,132 रुपये मिळाले. आकडा मोह पाडणारा आहे. मात्र त्यावर वर्षाला 2.75 टक्के, पुढच्या रोख्यांवर 2.5 टक्के ठरलेले व्याज होते. शिवाय रोखा म्हणजे तुमच्या नावे ठेवलेले सोने नव्हे, सरकारला दिलेले कर्ज. फेब्रुवारी 2024 नंतर नवे रोखे निघाले नाहीत, तरी जुने शेअर बाजारात विकत मिळतात. 'व्याज गरिबांना वाटून टाकू' असे काहीजण म्हणतात. नकळत आलेल्या व्याजासाठी ती वाट ठीक आहे. जाणूनबुजून तसा करार करायला ती परवानगी ठरत नाही, असे आम्हाला वाटते.

गोल्ड ईटीएफचे प्रकरण वेगळे. भारतात ते 2007 पासून आहेत आणि फंड खरोखर सोने घेऊन ठेवतो. इस्लामी वित्तसंस्थांसाठी नियम ठरवणाऱ्या बहरीनच्या आयोफी संस्थेने 2016 मध्ये सोन्याविषयी जे मानक काढले, त्यातली मुख्य अट हीच: सोने प्रत्यक्ष असावे, आणि खरेदीदाराचा त्यावर हक्क व कब्जा असावा, मग तो हातात असो वा नोंदीने. अडचण अशी की आपल्याकडच्या फंडांना काही सोने बँकेच्या व्याजी सुवर्ण ठेवीत ठेवण्याची मुभा आहे. म्हणून फंडाचे माहितीपत्रक घेऊन आपल्या मुफ्तींकडे जावे. मोबाइल अ‍ॅपवरचे डिजिटल सोने मात्र आपल्या देखरेखीत येत नाही, असे सेबीने नोव्हेंबर 2025 मध्ये बजावले आहे.

जकातीचे काय? साडेसात तोळे, म्हणजे 87.48 ग्रॅम हा निसाब. हनफी घरांत वापरातल्या दागिन्यांवरही जकात आहे. कोकणातल्या शाफई घरांत नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांना सूट आहे. कागदी सोने कोणी अंगावर घालत नाही, त्यामुळे ती सूट तिथे नाही. बाजारभावाने अडीच टक्के काढायचे.

आमच्या मते सर्वांत मोठा प्रश्न नावाचा आहे. मेहर बायकोचा. बांगडी तिच्या हातात असते. मध्यरात्री दवाखाना निघाला तर ती कोणाला विचारत बसत नाही. डिमॅट खाते मात्र बहुधा नवऱ्याच्या पॅनवर, ओटीपी त्याच्याच फोनवर. त्याचे बरेवाईट झाले तर ते युनिट त्याची मिळकत म्हणून वारसांत वाटले जाण्याची भीती. नॉमिनी मालक नसतो, तो फक्त सांभाळणारा असतो. कागदी सोने घ्यायचेच तर खाते तिच्या नावे, तिच्या फोनवर उघडा. दागिना घ्याल तर हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बीआयएस केअर अ‍ॅपवर तिथेच तपासा, आणि बिलावर नाव तिचेच घाला.