घरबसल्या कॉलेजचीं व्याख्यानें

आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी अलीकडे घरीं बसून मोठमोठ्या कॉलेजांतील प्राध्यापकांचीं व्याख्यानें मोबाईलवर किंवा संगणकावर पाहतात, ही गोष्ट पालकांच्या कानांवर आलीच असेल. कांहीं पालकांस ह्याचा अभिमान वाटतो, कांहींस संशय येतो. मुलगा खोलीचें दार लोटून तासन्‌तास पडद्यासमोर बसलेला असतो. तो गणित शिकतो आहे कीं क्रिकेटचा सामना पाहतो आहे, हें बाहेरून कळावयास मार्ग नसतो. आमचें म्हणणें असें आहे कीं, तो खरोखरच गणिताचें व्याख्यान पाहत असला, तरीहि तो गणित शिकत असेलच असें नाहीं. ह्या म्हणण्याचा खुलासा करण्याकरितां हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दूर अंतरावरील विद्यार्थ्यास कॉलेजचें व्याख्यान ऐकवावें ही कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेंत १९५८ सालीं एन.बी.सी. ह्या कंपनीनें दूरचित्रवाणीवर पहाटे साडेसहा वाजतां भौतिकशास्त्राचा वर्ग भरविण्यास आरंभ केला. बर्कले येथील प्राध्यापक हार्वे व्हाइट हे तो वर्ग घेत. १९६४ सालीं रिचर्ड फाइनमन ह्यांनीं कॉर्नेल विद्यापीठांत निसर्गनियमांवर सात व्याख्यानें दिलीं, तीं बी.बी.सी.नें चित्रित करून ठेविलीं, आणि तीं आजहि पाहावयास मिळतात. इंग्लंडांतील मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी १९७१ च्या जानेवारींत अभ्यासास बसले. त्यांचे पाठ बी.बी.सी.वरून भल्या पहाटे किंवा रात्रीं उशिरां दाखविले जात, व हा क्रम २००६ सालापर्यंत चालला. आपल्या देशांत विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर सुरू झाले. ह्या सर्व प्रयत्नांत एक अडचण समान होती. पाठाची वेळ पाहणाऱ्याच्या हातीं नसे. वीज गेली, पाहुणे आले, किंवा डोळा लागला, कीं तो पाठ बुडालाच.

ही अडचण इंटरनेटनें दूर केली. अमेरिकेंतील मॅसेच्युसेट्स येथील एम.आय.टी. ह्या सुप्रसिद्ध संस्थेनें एप्रिल २००१ मध्यें असें जाहीर केलें कीं, आपल्या अभ्यासक्रमांचें साहित्य ती जगांतील कोणासहि विनामूल्य पाहूं देईल. हजारों डॉलर शुल्क घेणाऱ्या संस्थेनें आपलीं टिपणें, प्रश्नपत्रिका व व्याख्यानें अशीं मोकळीं करावीं, ह्याचें त्या वेळीं पुष्कळांस आश्चर्य वाटलें. आपल्याकडेहि फार काळ लोटला नाहीं. २००३ सालीं सात आय.आय.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था ह्यांनीं मिळून एन.पी.टी.ई.एल. ह्या नांवाचा उपक्रम हातीं घेतला. त्या सातांमध्यें आपली पवई येथील संस्थाहि आहे. ह्या उपक्रमांत एकेका विषयावर तासातासाचीं चाळीस-चाळीस व्याख्यानें चित्रित झालीं. ज्या वर्गांत बसण्यासाठीं लाखों मुलें प्रवेशपरीक्षेस बसतात व थोडींच निवडलीं जातात, त्या वर्गाची एक खिडकी अशा रीतीनें रस्त्याच्या बाजूस उघडली गेली. दापोलीकडील एखाद्या खेड्यांतील मुलीस, जिला पुण्या-मुंबईस ठेवणें घरच्यांस परवडणारें नाहीं, तिच्या दृष्टीनें ह्या खिडकीचें मोल किती आहे, हें निराळें सांगावयास नको.

खिडकींतून पाहण्यांत एक सोय तर अशी आहे कीं, ती प्रत्यक्ष वर्गांतहि नाहीं. वर्गांत एखादी पायरी कळली नाहीं तर विद्यार्थी एकदां विचारील, धीट असेल तर दोनदां विचारील; तिसऱ्यांदा विचारण्याची छाती कोणाचीहि होत नाहीं, आणि तेवढ्यांत फळा पुसला जातो. चित्रित व्याख्यानांतील प्राध्यापक तीच पायरी दहा वेळां, तितक्याच शांतपणें, सांगतो. त्याला थांबवितां येतें. त्याला मागें नेतां येतें. मंदगतीच्या पण चिकाटीच्या विद्यार्थ्यास हें वरदानच होय.

परंतु जेथें सोय आहे तेथेंच फसगतहि आहे. उत्तम वक्ता बोलत असतां ऐकणारास सर्व कांहीं समजल्यासारखें वाटतें. त्याच्या तोंडची सुबोधता आपण आपल्या डोक्यांतील सुबोधता समजतों. ही केवळ आमची समजूत नव्हे. हार्वर्ड विद्यापीठांत भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग करण्यांत आला. त्याचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटानें अनुभवी अध्यापकाचें सफाईदार व्याख्यान ऐकलें. दुसऱ्या गटास तोच विषय उदाहरणें सोडवीत, अडखळत, आपापसांत चर्चा करीत शिकावा लागला. व्याख्यान ऐकणाऱ्यांस आपण अधिक शिकलों असें वाटलें. चाचणींत मात्र अडखळत शिकलेल्यांनीं अधिक गुण मिळविले. अशाच आशयाचा आणखी एक प्रयोग सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत रोडिगर व कार्पिक ह्यांनीं केला व २००६ सालीं प्रसिद्ध केला. एक उतारा कांहीं विद्यार्थ्यांनीं पुन्हां पुन्हां वाचला. इतरांनीं तो वाचून बाजूस ठेविला व आठवेल तेवढा कागदावर लिहून काढला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां पुन्हां वाचणारे सरस ठरले. एका आठवड्यानें घेतली तेव्हां नेमकें उलट झालें. आतां आपल्या परीक्षा पांच मिनिटांनीं होत नसतात, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें.

वर्गांत शिक्षक मध्येंच प्रश्न विचारतो, मुलाचा गोंधळलेला चेहरा पाहून पुन्हां सांगतो, दुसऱ्या दिवशीं गृहपाठ मागतो. हीं तिन्ही कामें चित्रफीत करीत नाहीं. म्हणून घरीं शिकणाऱ्यानें तीं स्वतः अंगावर घेतलीं पाहिजेत. हें कसें करावें तें एका प्रत्यक्ष उदाहरणानेंच दाखविणें बरें.

एम.आय.टी.तील प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग ह्यांनीं रेषीय बीजगणितावर दिलेलीं व्याख्यानें १९९९ सालीं चित्रित झालीं. त्यांनीं २०२३ सालीं आपला शेवटचा वर्ग घेतला. पण त्यांचीं तीं जुनीं व्याख्यानें अजून जगभर पाहिलीं जातात. पहिलें व्याख्यान सुमारें चाळीस मिनिटांचें आहे. प्राध्यापक खडू घेऊन फळ्यावर दोन समीकरणें लिहितात. आपल्या नेहमींच्या अक्षरांत तीं अशीं:

२क्ष − य = ०
−क्ष + २य = ३

हीं एकसामयिक समीकरणें आमच्या दहावीच्या वर्गांतील कोणाहि विद्यार्थ्यास ओळखीचीं वाटतील. येथेंच चित्रफीत थांबवावी. आलेखाचा कागद घ्यावा, दोन्ही समीकरणांच्या रेषा काढाव्या, आणि त्या कोठें छेदतात तें पाहावें. क्ष = १, य = २ हें उत्तर स्वतःच्या हातानें मिळाल्यावर मग प्राध्यापकांस पुढें बोलूं द्यावें. येथवर नवें असें कांहीं नाहीं. पण त्यानंतर ते तींच समीकरणें आडवीं न वाचतां उभीं वाचावयास सांगतात. क्ष चे गुणक वरून खालीं २ व −१. य चे −१ व २. उजव्या बाजूस ० व ३. आतां प्रश्न असा होतो कीं, पहिला स्तंभ किती पट व दुसरा किती पट घेतला असतां दोहोंची बेरीज तिसऱ्याएवढी येईल? पुन्हां थांबवावें. आरंभबिंदूपासून (२, −१) पर्यंत एक बाण काढावा. त्याच्या टोंकापासून (−१, २) हा बाण लागोपाठ दोनदां काढावा. आपण बरोबर (०, ३) वर येऊन पोहोंचतों. उत्तर तेंच, पण चित्र सर्वस्वीं निराळें. ज्यानें हें स्वतः काढलें त्याला तें जन्मभर विसरतां येणार नाहीं. ज्यानें नुसतें पाहिलें त्याला तें रात्रींच्या जेवणापर्यंतहि पुरत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

व्याख्यानाच्या पुढल्या भागांत प्राध्यापक विचारतात कीं, उजव्या बाजूस कोणतेहि आंकडे घातले तरी उत्तर मिळेल काय? ह्यावर घरीं करून पाहण्याजोगें एक उदाहरण आम्ही सुचवितों. दुसरा स्तंभ बदलून (−४, २) असा घ्यावा. दोन्ही बाण एकाच रेषेंत येतात. मग ते किती पट घेतले तरी त्या रेषेच्या बाहेर जातां येत नाहीं, व (०, ३) तर त्या रेषेवर नाहीं. आतां जुन्या पद्धतीनें त्याच समीकरणांच्या रेषा काढून पाहाव्या, म्हणजे त्या समांतर कां निघाल्या ह्याचा उलगडा होईल. चाळीस मिनिटांच्या व्याख्यानास अशा रीतीनें दोन तास लागतात. लागूं द्यावे. कांहीं विद्यार्थी तर व्याख्यान दीडपट वेगानें लावून पंचवीस-तीस मिनिटांत संपवितात व आज तीन व्याख्यानें झालीं असें सांगतात. ऐकलेल्या विषयाची उजळणी करावयाची असेल तर वेग वाढविण्यास आमची हरकत नाहीं. पण नवा विषय दीडपट वेगानें समजेल अशी बुद्धि आम्हांस तरी अद्याप कोणांत आढळली नाहीं.

व्याख्यान संपल्यावर पडदा बंद करावा आणि कोऱ्या कागदावर, कांहींहि न पाहतां, आठवेल तें लिहावें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां एकदां लिहावें, व आठवड्यानें तिसऱ्यांदा. जें गळलें असेल तेवढ्याच भागाकडे फिरून जावें. बोलणाराचें प्रत्येक वाक्य उतरून घेण्यांत अर्थ नाहीं. तें त्या फितीवर आहेच.

निवड करतांनाहि तारतम्य पाहिजे. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाचा विषय नववींतील मुलानें केवळ नांव भारदस्त म्हणून उघडूं नये. पहिलीं दोन व्याख्यानें पाहून जर प्रत्येक पांच मिनिटांस अनोळखी चिन्ह भेटत असेल, तर तो विषय वाईट नव्हे व मुलगाहि मंद नव्हे. मधली पायरी राहून गेली आहे एवढेंच समजावें. भाषेची अडचण मात्र खरी आहे. आमच्या मराठी माध्यमांतील मुलांस भौतिकशास्त्र येत असतें, पण इंग्रजी उच्चार कानांस लागत नाहीं. त्यांनीं खालीं उमटणारीं अक्षरें सुरू ठेवावीं, आणि वहीच्या मागील पानावर एक छोटा कोश करावा: व्हेलॉसिटी म्हणजे वेग, ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण, मोमेंटम म्हणजे संवेग. एका विषयांत असे साठ-सत्तर शब्द पुरतात, आणि तेच पुन्हां पुन्हां येतात. एन.पी.टी.ई.एल.च्या कांहीं विषयांचीं मराठी भाषांतरेंहि आतां झालीं आहेत.

पालकांस आम्ही एकच गोष्ट सांगूं इच्छितों. मुलाचा विषय आपणांस येत नाहीं म्हणून आपण काय मदत करणार, असें पुष्कळ माता व पिते म्हणतात. हें बरोबर नाहीं. रात्रीं जेवणाच्या वेळीं आईनें एवढेंच म्हणावें, “वही मीट बरें, आणि आज काय शिकलास तें मला मराठींत सांग.” आईला त्यांतलें सर्व कळावयास हवें असें नाहीं. मुलगा कोठें अडखळतो, कोठें “तें म्हणजे असं असतं” म्हणून हात हलवितो, हें तिच्या तेव्हांच ध्यानांत येईल; आणि तिच्याहि आधीं तें त्याच्या ध्यानांत येईल. मुलगी शिकत असेल तर आणखी एक कृपा करावी. तिची वेळ ठरवून द्यावी व त्या वेळेंत तिला भांडीं, पाणी, धाकटें भावंड ह्यांसाठीं उठवूं नये. कॉलेजांत गेलेल्या मुलास कोणी तासांतून उठवीत नाहीं; घरीं बसलेल्या मुलीचा तास कोणासच दिसत नाहीं. मोबाईल एकच असून तो वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर आदल्या रात्रीं व्याख्यान उतरवून घेण्याची सोय दोन्ही संस्थांनीं ठेविली आहे. संगणक असल्यास तें त्यावर साठवावें.

प्रमाणपत्राविषयींहि विचारणा होते. व्याख्यानें पाहण्यास पैसे पडत नाहींत. २०१४ सालापासून एन.पी.टी.ई.एल.नें आठवड्यागणिक गृहपाठ देऊन शेवटीं परीक्षा घेण्याची पद्धत सुरू केली आहे. त्या परीक्षेस शुल्क भरून केंद्रावर स्वतः हजर राहावें लागतें. तें प्रमाणपत्र उपयोगी आहे, पण ती पदवी नव्हे, आणि शाळकरी मुलानें त्याच्या मागें लागण्याची घाई करूं नये. प्रयोगशाळेचें कामहि पडद्यावर शिकतां येत नाहीं. परीक्षानळी किती तापली हें चित्र सांगत नाहीं.

राहतां राहिली शंका विचारण्याची गोष्ट. फितींतील प्राध्यापक उत्तर देऊं शकत नाहीं. पण आपल्या शाळेंत शिक्षक आहेत. शंका आली कीं ती वहीच्या समासांत लिहावी, आणि तिच्यापुढें व्याख्यानाचा क्रमांक व पडद्यावर दिसणारीं मिनिटें-सेकंदें टिपून ठेवावीं, म्हणजे शिक्षकांस ती जागा शोधीत बसावें लागत नाहीं.