घरगुती श्वसनव्यायाम आणि संदेशसेवा

सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन विकारात धाप लागते म्हणून रुग्ण हालचाल टाळतो. परिणामी स्नायू दुर्बल होतात आणि धाप अधिकच वाढते. हे दुष्टचक्र व्यायामाने भेदता येते. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने ६५ चाचण्यांच्या आधारे फुप्फुस-पुनर्वसनाची उपयुक्तता स्पष्ट केली. त्याने फुप्फुसांची झालेली हानी भरून येत नाही. परंतु चालण्याची क्षमता वाढते व धाप कमी होते. मात्र व्यायाम सुटला की हा लाभ ओसरतो.

येथे व्हॉट्सॲपसारखी साधने साहाय्यभूत ठरतात. प्रत्यक्ष तपासणीनंतर फिजिओथेरपिस्ट व्यायामाची चित्रफीत पाठवितो. रुग्ण बोर्ग श्रेणीनुसार धापेस ० ते १० पैकी अंक कळवितो आणि त्यावरून पुढील व्यायाम ठरतो. चुलीच्या धुराने बाधित झालेल्या निरक्षर ग्रामीण स्त्रीस ध्वनिसंदेश सोयीचा होय. तथापि फोन मुलाकडे असल्यास संदेशाची वेळ कुटुंबाशी ठरवावी लागते.

तात्पर्य, केवळ स्मरणसंदेश पुरेसा नाही. रुग्णाचे उत्तर वाचून व्यायामात बदल सुचविणारी व्यक्ती आवश्यक आहे. धाप अचानक वाढल्यास मात्र उत्तराची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठणे इष्ट.