प्लगाइन : वेल्समधील नाताळचे गायन

ज्या सभेला अध्यक्ष नाही, कार्यक्रमपत्रिका नाही, गायकांची नावे पुकारणारा कोणी नाही आणि गाणे कितीही रंगले तरी टाळी वाजवण्याची मुभा नाही, अशी सभा दोन-दोन तास सुरळीत चालावी आणि तिच्यात एकदाही गोंधळ माजू नये, हे सभासंमेलनांचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला सहसा खरे वाटणार नाही. परंतु ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स देशात, विशेषतः जुन्या मॉन्टगमेरीशायर परगण्यात आणि तनाट नदीच्या खोऱ्यात, डिसेंबर लागला की गावोगावच्या चर्चमधून अशा सभा भरू लागतात. तेथील लोक त्यांना ‘प्लगाइन’ म्हणतात.

कोंबडा आरवण्याची वेळ दर्शवणाऱ्या लॅटिन शब्दांपासून हे नाव आले, असे मानतात. आणि मूळचा विधी खरोखरच नाताळच्या दिवशी पहाटे ३ ते ६च्या दरम्यान होत असे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने मध्यरात्रीचा मिस्सा मोडीत काढला, तेव्हा त्याची जागा या पहाटेच्या प्रार्थनेने घेतली. थंडीच्या रात्री अवेळी झोपमोड करून घेण्यापेक्षा जागरण बरे, म्हणून घराघरांतून चुली पेटत्या ठेवून गुळासारखी चिक्कट मिठाई आटवली जाई, हिरव्या पानांनी घरे सजवली जात, आणि मग मशाली वा मेणबत्त्या हाती घेऊन मंडळी अंधारातून चर्चची वाट धरीत. मेणबत्ती ज्याची त्याने घरून आणावयाची असल्यामुळे चर्चमधला प्रकाश हा जमलेल्या सर्वांच्या वर्गणीचा प्रकाश असे. पुढे एकोणिसाव्या शतकात, रात्र मद्यालयात काढून थेट प्रार्थनेला येणाऱ्यांचा उपद्रव वाढल्यामुळे आणि एकंदर राहणीच बदलल्यामुळे, पुष्कळ ठिकाणी हा विधी बंद पडला. जेथे टिकला तेथे तो बहुधा सायंकाळी होऊ लागला. आज त्याचा हंगाम डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत चालतो, आणि १७५२ साली रद्द झालेल्या जुन्या पंचांगाप्रमाणे नववर्षाचा आरंभ मानला जाणारा १३ जानेवारीचा दिवसही त्यात सामावतो.

विधीचा क्रम अत्यंत साधा आहे. प्रथम एक संक्षिप्त सायंप्रार्थना होते. ती संपताच धर्मगुरू ‘प्लगाइन आता खुली आहे’ अशा अर्थाची घोषणा करून बाजूला होतात, आणि त्या क्षणापासून सभेचा कारभार जमलेल्या समुदायाच्या स्वाधीन होतो. थोडा वेळ कोणीच हलत नाही. मग बाकावरून एक बाप आणि त्याचे दोन मुलगे, किंवा शेजारच्या दोन शेतांवरील तिघे-चौघे, किंवा एखादी एकटीच स्त्री उठून पुढे जाते. म्होरक्या स्वरदर्शक चिमटा आपटून तो कानाशी नेतो, हलकेच स्वर देतो, आणि डोक्याला डोके लावून उभी असलेली ती मंडळी कोणत्याही वाद्याच्या साथीवाचून गाऊ लागतात. गाणे संपले की ते मुकाट्याने जागेवर परततात आणि पुढचा चमू उठतो. सर्वांची एक फेरी झाल्यावर त्याच क्रमाने दुसरी सुरू होते. क्रम कोणी लिहून ठेवलेला नसतो. प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावयाचा असतो.

या साध्या शिरस्त्यात एक कडक नियम आहे : एकदा म्हटलेले गीत त्या सायंकाळी पुन्हा कोणी म्हणावयाचे नाही. वरवर पाहता हा केवळ शिष्टाचार वाटतो. पण ही सारी परंपरा जगवण्याचे श्रेय मुख्यतः त्यालाच द्यावे लागेल. आपण तयार करून आणलेले गीत आपल्या आधी दुसऱ्याने उचलले, तर ऐनवेळी दुसरे काढता आले पाहिजे. म्हणून प्रत्येक चमूला गरजेपेक्षा अधिक गीते पाठ करून ठेवावी लागतात. परिणामी, सर्वांना आवडणारी चार-दोन गीते तेवढी उरली आणि बाकीची विस्मृतीत गेली, ही जी दुर्दशा लोकप्रिय संगीताची नेहमी होते, ती येथे झाली नाही. आपल्या वारकरी फडांतून जशी अभंगांची बाडे पिढ्यानपिढ्या जतन केली जातात, तशा येथील शेतकरी कुटुंबांतून गीतांच्या हस्तलिखित वह्या बापाकडून मुलाकडे येतात. एखादे गीत अमुक घराण्याचे आहे, हे पंचक्रोशीत ठाऊक असते, आणि त्या घराण्याची मंडळी समोर बसलेली असताना इतरांनी ते सहसा उचलू नये, असा संकेतही पाळला जातो.

ही गीते आपल्या परिचयाच्या इंग्रजी नाताळगीतांहून फार वेगळी आहेत. गोठा, गव्हाण, तारा आणि मेंढपाळ यांच्यापाशी ती थांबत नाहीत. एदेन बागेतील पतनापासून आरंभ करून संदेष्ट्यांची भाकिते, येशूचा जन्म, क्रूसावरील मरण, पुनरुत्थान आणि अंतिम न्याय असा सगळा प्रवास एकाच गीतात उरकणारी, दहा-दहा पंधरा-पंधरा कडव्यांची ती पद्यमय प्रवचनेच असतात. ज्या काळात सामान्य माणसाच्या हाती पुस्तक क्वचितच असे, त्या काळात धर्मज्ञान पोचवण्याचे काम त्यांनी केले. त्यांच्या भाषेला अधिष्ठान मिळाले ते १५८८ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या वेल्श भाषांतराचे. आणि ते सिद्ध करणारे विल्यम मॉर्गन हे या तनाट खोऱ्यातील ल्लानऱ्हायादर-अम-मोख्नंट गावचेच धर्मगुरू होते. पुढे सतराव्या शतकात, शेजारच्या केरियोग खोऱ्यातील ह्यू मोरिस (१६२२–१७०९) यांच्यासारख्या कवींनी, व्यंजनांची आवर्तने आणि अंतर्यमके यांचा वेल्श काव्यशास्त्राने घालून दिलेला कठीण दंडक सांभाळून, अशी गीते रचली. एकोणिसाव्या शतकात ल्लानविहांगेल गावच्या टॉमस विल्यम्स नावाच्या विणकरानेही तेच व्रत चालवले. रचना पंडिती वळणाची, परंतु रचणारे पुष्कळदा कष्टकरी, हा योग वेल्श साहित्यात विरळा नाही.

चालींच्या बाबतीत मात्र या कवींनी सोवळेओवळे पाळले नाही. जत्रेत आणि मद्यालयात गायल्या जाणाऱ्या पोवाड्यांच्या चाली, सीमेपलीकडून आलेल्या इंग्रजी लोकगीतांच्या चाली, जी लोकांच्या तोंडी असेल ती त्यांनी निःशंकपणे घेतली आणि तीवर धर्मशास्त्र बसवले. गायनाची ढबही तशीच रांगडी आहे. कमावलेल्या कंठाचा गोडवा अथवा आवाजाचे नाट्यमय चढउतार येथे कोणी अपेक्षीत नाही. शब्द स्वच्छ ऐकू यावेत आणि तीन स्वरांचा मेळ बिघडू नये, एवढीच अट असते. टाळ्यांचा निषेध याच वृत्तीतून आला आहे. गाणे हे अर्पण आहे, आणि अर्पणाला शाबासकी द्यावयाची नसते.

दुसरी फेरी आटोपली की उपस्थित गायकांतील सर्व पुरुष एकत्र पुढे येतात आणि ‘भोजनाचे गीत’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे समारोपाचे गीत म्हणतात. पूर्वी हे सारे गायन बव्हंशी पुरुषांचेच असे. आता स्त्रियांचे आणि मिश्र चमू सर्रास गातात, मात्र हे शेवटचे गीत बहुतेक ठिकाणी अद्याप पुरुषांकडेच राहिले आहे. त्यानंतर गावातर्फे खरोखरच भोजन होते, आणि कोणाचे कोणते गीत जमले, कोणाला ऐनवेळी दुसरे काढावे लागले, याची सगळी चिकित्सा तेथे चहाच्या पेल्याबरोबर मनसोक्त होते.

२०२१च्या जनगणनेप्रमाणे वेल्समध्ये वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण अवघे १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार उरले आहे. तेव्हा जिचा प्राणच भाषेत आहे अशा परंपरेविषयी चिंता वाटणे साहजिक आहे. १९६०नंतरच्या काळात सेंट फेगन्स येथील लोकजीवन संग्रहालयाच्या वतीने रॉय सेअर यांनी गावोगाव हिंडून ही गीते ध्वनिमुद्रित केली, आणि त्या दप्तरामुळे पुष्कळ चाली बचावल्या. कार्डिफसारख्या शहरांतूनही आता प्लगाइन भरते, आणि भाषा नव्याने शिकणारे तरुण तीत उभे राहतात. त्यांच्यासाठी परीक्षा नाही, निवड नाही, सभासदत्वाचा अर्ज नाही. परंतु श्रोता म्हणून आलेल्याने शेवटपर्यंत श्रोताच राहावे, याला मात्र या व्यवस्थेत फारसे स्थान नाही. सगळेच ऐकायला बसले तर धर्मगुरूंच्या घोषणेनंतरची ती शांतता तशीच राहील आणि सभा तेथेच संपेल. ध्वनिमुद्रणाने चाल जपता येते. पण आपली पाळी ओळखून उठण्याचा संस्कार मुलाला लागतो तो बापाशेजारी उभे राहून गायल्यानेच, आणि मॉन्टगमेरीशायरमधील शेतकऱ्यांनी ही गोष्ट कोणत्याही संस्थेच्या आधी ओळखली होती.