नव्या चाकांची थरथर

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या मोटारीस चार नवीं चाकें बसविण्यांत आलीं. जुन्या लोखंडी रिमांच्या जागीं मिश्रधातूच्या चकचकीत रिमा, व त्यांवर नवे टायर. मुलांस त्यांचें मोठें कौतुक वाटलें. पुढच्याच शनिवारीं पांच विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही गायनाच्या चढाओढीसाठीं पुण्यास निघालों. साताऱ्यापुढें रस्ता सपाट लागला, वेग ताशीं ८० किलोमीटरच्या वर गेला, आणि चालकाच्या हातांतील स्टिअरिंग थरथरूं लागलें. ९० वर तें इतकें कांपूं लागलें कीं त्यानें आपण होऊन वेग उतरविला व उरलेला प्रवास आम्हीं ६० च्या आंत केला. पोंचलों तेव्हां चढाओढ सुरू होऊन अर्धा तास झाला होता.

चाकें ज्यांच्याकडून घेतलीं त्या दुकानदारांनीं सांगितलें, "नवे टायर आहेत, पांचशें किलोमीटर चालले म्हणजे बसतील." असलें उत्तर आमच्या पालकवर्गांतील पुष्कळांनीं ऐकलें असेल. तें बहुधा खरें नसतें. फार दिवस एकाच जागीं उभ्या राहिलेल्या मोटारीचे टायर खालच्या बाजूस किंचित् चपटे होतात व थोडें अंतर चालल्यावर ते पूर्ववत् होतात, एवढाच काय तो अपवाद. एरवीं नव्या चाकाच्या थरथरीस कारण असतें, व तें शोधावें लागतें.

प्रथम थरथर चाकांचीच आहे काय, हें पाहावें. त्याच वेगानें मोटार एक गियर खालीं घेऊन चालवावी. इंजिनाचे फेरे वाढले तरी थरथर तशीच राहिली, तर ती रस्त्याच्या वेगाशीं, म्हणजे चाकांशीं, बांधलेली आहे. केवळ ब्रेक दाबतांना ती येत असेल तर दोष ब्रेकच्या तबकडींत असण्याचा संभव अधिक. स्टिअरिंग कांपत असेल तर पुढच्या चाकांचा संशय घ्यावा, व बैठक कांपत असेल तर मागच्या चाकांचा. अलाइनमेंटवर पैसे खर्च करण्याची पुष्कळांस घाई असते. पण अलाइनमेंट बिघडली असतां मोटार एका बाजूस ओढते व टायर वांकडे झिजतात, थरथर सहसा होत नाहीं.

सर्वांत नेहमींचें कारण म्हणजे चाकाचा तोल. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. टायरची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर ताशीं १०० किलोमीटर वेगानें चाक सेकंदास सुमारें १५ फेरे घेतें. रिमेच्या कडेला, मध्यापासून १९ सेंटिमीटरवर, केवळ ३० ग्रॅम वजन जास्त असलें तर तें चाकास सुमारें ५ किलोग्रॅम भाराइतक्या जोरानें बाहेर ओढतें, आणि हा ओढा सेकंदास १५ वेळां वरखालीं फिरतो. वेग निम्मा केला कीं तो जोर चौथ्या हिश्शावर येतो. म्हणूनच गांवांतल्या गांवांत मोटार शहाण्यासारखी वागते. परंतु ९० वर जोरानें कांपणारी मोटार ११० वर कधीं कधीं शांत होते, हें कसें? झोपाळ्यास त्याच्या लयीनें धक्के दिले तरच तो उंच जातो. मोटारीचें चाक व त्यास धरणारी स्प्रिंग यांचीहि एक लय असते, सेकंदास साधारण दहा ते पंधरा वेळां. चाकाचे फेरे त्या लयीशीं जुळले कीं थरथर वाढते, व पुढें गेले कीं ओसरते.

तोल साधण्यासाठीं रिमेवर लहान वजनें लावितात, हें सर्वांस ठाऊक आहेच. आम्हीं चारहि चाकें पुन्हां यंत्रावर चढविलीं. यंत्रानें चारहि निर्दोष ठरविलीं! येथें आम्ही खरोखर बुचकळ्यांत पडलों.

उलगडा एका वृद्ध मिस्त्रींनीं केला. त्यांनीं पुढचें चाक काढून हबवर बोट ठेविलें. हबच्या मध्यभागीं पुढें आलेला एक गोल उंचवटा असतो. मोटारीबरोबर आलेल्या रिमेचें मधलें भोंक त्यावर नेमकें बसतें. बाजारांतील रिमा अनेक जातींच्या मोटारींस चालाव्यात म्हणून त्यांचें भोंक मोठें ठेवितात. आमच्या हबचा उंचवटा ५४ मिलिमीटर, तर नव्या रिमेचें भोंक ६७ मिलिमीटर. तोलाच्या यंत्रावर शंकू भोंकांत घालून चाक बरोबर मध्यावर धरितात, म्हणून तेथें दोष दिसत नाहीं. मोटारीवर मात्र चाक केवळ नटांच्या भरंवशावर राहतें. १६ किलोग्रॅमचें चाक अर्धा मिलिमीटर जरी सरकलें तरी तें रिमेच्या कडेला ४२ ग्रॅम वजन लाविल्यासारखेंच होय. "सर, ह्या दोहोंमध्यें कडें घालायला पाहिजे होतें," एवढेंच ते म्हणाले. 

नटांकडेहि त्यांनीं लक्ष वेधिलें. कांहीं रिमांस शंकूच्या आकाराचा नट लागतो, कांहींस गोल बुडाचा. बूड जुळलें नाहीं तर नट घट्ट वाटतो पण रिमेस नीट धरीत नाहीं, व हा प्रकार थरथरीपेक्षां पुष्कळ भयंकर आहे. हब व रिम यांमधील गंज तारेच्या ब्रशानें घासून काढावा. चाक जॅकवर अधांतरीं असतांनाच सारे नट हातानें फिरवून बसवावेत. मग समोरासमोरचे, ताऱ्याच्या आकृतीप्रमाणें, थोडे थोडे आंवळावेत, आणि मोटार खालीं उतरल्यावर नेमका जोर दाखविणाऱ्या पान्ह्यानें शेवटचा पीळ द्यावा. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हां तपासावेत.

कडीं बसविल्यावर आमची मोटार १०० वर निश्चल धावली. पावसाळ्यांत मात्र एकदां थरथर परत आली, तेव्हां चालकाचा चेहरा उतरला. मागच्या रिमेच्या आंतल्या बाजूस ओला चिखल चिकटून वाळला होता. पाण्याच्या नळीनें तो धुतला व आम्ही पुढें निघालों.